उपकाराचा गुन्हा: अमेरिकन कॉलेज-खेळांचं नियमपुस्तक वाचताना



बूस्टर हा शब्द ऐकला की आपल्याला अजूनही आधी लशीचा डोस आठवतो. आमच्या पिढीला गच्चीवरचा अँटेना आठवेल, त्याला बूस्टर लावला की दूरदर्शनला मुंग्या यायच्या थांबायच्या. आज ज्या बूस्टरबद्दल बोलायचं आहे, तो मात्र माणूस आहे. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघावर जीव टाकणारा, त्यासाठी खिशात हात घालणारा, शनिवारी सामना असला तर शुक्रवारी रात्रीच गाडी काढणारा माणूस. बहुतेक वेळा तो माजी विद्यार्थी असतो, पण असायलाच हवा असं नाही. काहींनी त्या विद्यापीठाचा वर्गही पाहिलेला नसतो.

या माणसानं खेळाडूशी कसं बोलावं, काय द्यावं, काय देऊ नये, याचे नियम करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन. १९०६ साली ती सुरू झाली, सगळे तिला एनसीएए म्हणतात. तिचं नियमपुस्तक शेकडो पानांचं आहे. आम्ही ते वकिलाच्या नजरेनं वाचलेलं नाही. एखादी कादंबरी वाचताना आपण विचारतो ना, इथे बोलतंय कोण, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतोय आणि कोणता शब्द यायला हवा होता तरी येत नाही, त्या नजरेनं वाचलं. ज्या शब्दाला या पुस्तकात जागा नाही, त्याच्यापर्यंत आपल्याला पोचायचं आहे.

व्याख्येपासून सुरुवात करू. 'बूस्टर' हा बोलण्यातला शब्द. पुस्तकातला शब्दप्रयोग आहे, 'विद्यापीठाच्या क्रीडाहिताचा प्रतिनिधी'. असा प्रतिनिधी कोण होतो? क्रीडा विभागाला देणगी दिलेला. समर्थक मंडळाचा सभासद झालेला. खेळाडूंच्या भरतीत मदत केलेला. खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना नोकरी मिळवून दिलेला, काही लाभ पोचवलेला. आणि मग एक वाक्य येतं: एकदा ही ओळख लागली की ती कायमची. देणगी बंद करा, गाव सोडा, संघावर रुसून बसा, ओळख सुटत नाही. लग्नातूनसुद्धा कायद्यानं सुटका आहे, यातून नाही.

उदाहरण आपल्यातलंच घेऊ. कल्पित आहे, पण अशा घरांतले लोक आज इथे ऐकत असतील. एक काका आहेत. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातून एम.एस. झाले आणि तिथेच राहिले. दरवर्षी क्रीडा विभागाला थोडी देणगी देतात, कारण त्याशिवाय बऱ्या जागेचं तिकीट मिळत नाही. पुण्याहून टेनिस खेळणारी सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर तेच कॉलेज बघायला येते. महाराष्ट्र मंडळातून कोणीतरी काकांचा नंबर देतं. काकू फोनवर म्हणतात, "हॉटेलात कशाला उतरताय? आपल्याकडेच या. पिठलं-भाकरी करते."

झाला नियमभंग. काका क्रीडाहिताचे प्रतिनिधी. मुलगी 'संभाव्य विद्यार्थी-खेळाडू', कारण नववीत पाऊल टाकल्यापासूनच हे बिरुद लागतं. जेवण, मुक्काम आणि विमानतळावर पाठवलेली गाडी, ही सगळी प्रलोभनं. बचावाची एक वाट आहे. मुलगी खेळाडू म्हणून नावारूपाला येण्याआधीपासून दोन्ही घरांची ओळख होती, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणजे "अहो, तुमच्या मावसभावाचे साडू आमचे शेजारी" हे जे आपण पहिल्या पाच मिनिटांत शोधून काढतो, ते तिथे पुराव्यानिशी मांडावं लागेल.

आता शिक्षा कोणाला ते बघा. काकांना फार तर विद्यापीठ पत्र पाठवेल, चार हात दूर ठेवेल. एनसीएएचा हात काकांपर्यंत पोचतच नाही, कारण तिची सभासद विद्यापीठं आहेत, काका नाहीत. पात्रता धोक्यात येते ती मुलीची. तिनं त्या पिठल्या-भाकरीची डॉलरमधली किंमत काढून एखाद्या धर्मादाय संस्थेला भरायची आणि मग विद्यापीठानं तिची पात्रता परत मागायची. रस्त्यात, दुकानात सहज गाठ पडली आणि नमस्कार-चमत्कार झाला तर चालतो, पण ती गाठ आधी ठरवलेली नसावी आणि बोलणं भरतीकडे वळू नये. आमच्या मते या सगळ्या कलमांत मनुष्यस्वभावाची उत्तम जाण आहे. ज्यानं कोणी हे लिहिलं, त्याला माणसं 'सहज' कशी भेटतात हे चांगलं ठाऊक होतं.

मुलगी कॉलेजात दाखल झाली की दुसरं प्रकरण सुरू होतं, 'अतिरिक्त लाभ'. कसोटी ऐकायला रास्त आहे: जे बाकीच्या विद्यार्थ्यांना सर्रास मिळत नाही, ते खेळाडूला खेळाडू म्हणून मिळता कामा नये. बूस्टरनं खेळाडूला कधीमधी जेवायला बोलवायला हरकत नव्हती, पण घरी. घरी केटरर बोलावलात तर चालेल, त्याच केटररच्या हॉटेलात नेलंत तर नाही. विद्यापीठांसाठीही असेच बारकावे होते. जेवणाच्या वेळांखेरीज खेळाडूंना फळं, सुकामेवा आणि बेगल नावाचा तो गोल पाव द्यायची मुभा होती. पावाला काही लावून द्यायची नव्हती. क्रीम चीज लावलं की तो नाश्ता झाला, आणि नाश्ता म्हणजे लाभ. २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेटिकटच्या बास्केटबॉल संघाचा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. त्याच महिन्यात त्याचा संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि त्यानंतर काही दिवसांत एनसीएएनं जेवणावरची मर्यादा उठवली.

या पावाच्या गोष्टीवर अमेरिकेत पुष्कळ हसून झालं आहे. आम्हाला हसण्यात फार रस नाही, कारण या हसण्यात एक महत्त्वाचं कलम नजरेआड होतं. ते खेळाडूंच्या नोकरीबद्दल आहे. शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला शैक्षणिक वर्षात नोकरी करायला नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बंदीच होती. पुढे परवानगी आली, ती अटींसह. मजुरी प्रत्यक्ष केलेल्या कामाचीच मिळेल. त्या गावात त्या कामाचा जो दर चालू असेल त्याच दरानं मिळेल. आणि खेळाडूचं नाव, कीर्ती, त्याला ओळखणारे लोक यांमुळे मालकाला जो फायदा होतो, त्याचा एक पैसाही त्या मजुरीत असता कामा नये.

हे नीट ऐका. ऐंशी हजार माणसं ज्याचं नाव घेऊन ओरडतात तो मुलगा गाड्या धुवू शकतो आणि गाड्या धुण्याचे पैसे घेऊ शकतो. पण लोक त्याच्याकडून गाडी धुऊन घ्यायला रांग लावतात, त्या रांगेची किंमत कागदावर शून्य धरायची. आणि ज्या गोष्टीमुळे ती रांग लागते, म्हणजे खेळ, त्याचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडे पैशाच्या देवाणघेवाणीला किती शब्द आहेत! दान, दक्षिणा, बक्षीस, देणगी, मजुरी, मानधन, मोबदला, बिदागी. गवयाला बिदागी देताना आपण त्याला भ्रष्ट करतोय असं कोणाच्या मनात येत नाही. या नियमपुस्तकात लाभ आहे, प्रलोभन आहे, साहाय्य आहे, शिष्यवृत्ती आहे. खेळण्याचा मोबदला या अर्थाचा शब्द फक्त निषिद्ध म्हणून येतो. मोबदल्याला जागाच ठेवली नाही, की मग खेळाडूच्या हातात पडणारी प्रत्येक गोष्ट उपकार ठरते, आणि उपकार म्हटला की त्यामागे काय दडलंय हे शोधणं आलं.

ही जागा चुकून रिकामी राहिलेली नाही. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशननं कॉलेजच्या खेळांची पाहणी करून मोठा अहवाल काढला. ११२ पैकी ८१ संस्थांमध्ये खेळाडूंना कुठल्या ना कुठल्या आडवाटेनं पैसे पोचत होते. बूस्टरांचे गुप्त निधी तेव्हाही होतेच. पुढे १९५५ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीनं कामगार-भरपाई मागितली. प्रश्न साधा होता: शिष्यवृत्ती घेऊन खेळणारा मुलगा कामगार की विद्यार्थी? १९५७ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाई नाकारली, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही असं म्हणत. याच काळात एनसीएएनं 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द प्रचारात आणला. सगळी पत्रकं, सगळे नियम या शब्दानं भरून काढले. वॉल्टर बायर्स हे १९५१ पासून १९८७ पर्यंत संस्थेचे कार्यकारी प्रमुख. त्यांनीच १९९५ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं, की खेळाडूंना नोकरदार ठरवलं जाईल या धास्तीतून हा शब्द घडवला गेला. घर बांधणाऱ्या गवंड्यानंच निवृत्त झाल्यावर सांगावं की त्या भिंतीत वाळू जास्त आहे, तसं हे पुस्तक आहे. ज्यांना या विषयात रस असेल त्यांनी बायर्स जरूर वाचावेत. माणूस प्रेमळ वाटत नाही, पण लपवाछपवी करत नाही.

आता पैसे देणाऱ्याकडे वळू. बूस्टरनं दिलेला पैसा वाईट आहे, असं नियमपुस्तक कुठेही म्हणत नाही. तेलाच्या धंद्यात कमावलेल्या टी. बून पिकन्स यांनी २००६ च्या सुमारास ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला १६ कोटी ५० लाख डॉलर दिले. स्टेडियमला त्यांचं नाव आहे. त्या दानाचं कौतुक झालं, आणि दानशूरपणाबद्दल आम्हालाही आदरच आहे. सरकारही अशा दात्यांच्या पाठीशी होतं. स्टेडियममधल्या चांगल्या खुर्च्यांचा हक्क मिळावा म्हणून दिलेल्या देणगीतली ८० टक्के रक्कम करातून वजा होत असे, ती सवलत २०१७ च्या करकायद्यानं काढली. म्हणजे पिकन्स यांनी स्टेडियम उभारायला मदत केली तर ते दान, आणि त्या स्टेडियममध्ये पळणाऱ्या पोराला पिझ्झा खाऊ घातला असता तर तो गुन्हा. पैसा तोच, माणूस तोच, हेतूही तोच, संघ जिंकावा हा. फरक एवढाच की पैसा कोणाच्या हातात पडला.

या फरकाची सगळ्यात मोठी गोष्ट डल्लासची आहे. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, चर्चशी नातं सांगणारं खाजगी विद्यापीठ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा फुटबॉल संघ देशातल्या उत्तम संघांपैकी एक होता आणि त्यामागे बूस्टरांचा पैसा होता. १९८५ मध्ये एनसीएएनं त्यांना पकडलं, शिक्षा केली, ताकीद दिली. तरी पैसे चालूच राहिले. १९८५-८६ या वर्षात १३ खेळाडूंना मिळून सुमारे ४७ हजार डॉलर आणि १९८६ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात ८ खेळाडूंना १४ हजार. एकेकाला महिन्याला ५० पासून ७२५ डॉलरपर्यंत. २५ फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएनं फाशी सुनावली. तिथे 'मृत्युदंड' असाच शब्द रूढ आहे. १९८७ चा पूर्ण हंगाम रद्द. १९८८ चा हंगाम विद्यापीठानं स्वतःच रद्द केला, कारण संघ उभा करायला माणसंच उरली नव्हती.

पण पैसे चालू का राहिले? मार्च १९८७ मध्ये बिल क्लेमेंट्स यांनी ते सांगितलं. ते तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर होते, आणि त्याआधी या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कबूल केलं, की १९८५ च्या शिक्षेनंतरही आधी शब्द दिलेल्या खेळाडूंचे पैसे चालू ठेवायला मंडळातल्या आम्हा काही जणांची संमती होती. नव्यांना द्यायचं नाही, जुन्यांचं हळूहळू संपवत आणायचं, असं ठरलं होतं.

हा क्षण आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात खोटेपणा आहे, यात वादच नाही. एनसीएएला दिलेला शब्द मोडला आणि वर्षभर लपवला. पण ज्या मुलांना आम्ही शब्द दिला त्यांचे पैसे अडवायचे नाहीत, ही भाषा लाच देणाऱ्याची नसते, ती पगार देणाऱ्याची असते. गुन्हेगारांच्या त्या खोलीत 'मोबदला' हा शब्द वापरात होता. नियमपुस्तकात तो नव्हता. मग भोगलं कोणी? क्लेमेंट्स यांनी माफी मागितली आणि १९९१ च्या जानेवारीपर्यंत गव्हर्नर राहिले. संघातली मुलं, ज्यांनी पैसे घेतले ती आणि ज्यांना दमडीही मिळाली नव्हती तीही, बॅगा भरून दुसऱ्या कॉलेजांच्या दारात उभी राहिली. त्या विद्यापीठाचा संघ पुन्हा बोल सामन्यात, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, उतरायला २००९ उजाडलं.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही बूस्टरांची वकिली करताय. तसं नाही. मिशिगनचं उदाहरण घ्या. एड मार्टिन नावाचे एक बूस्टर तिथल्या बास्केटबॉलपटूंच्या घरोब्यातले. पुढे फेडरल खटल्यात उघड झालं, की बेकायदा आकड्यांच्या जुगारातला पैसा त्यांनी चार खेळाडूंना कर्जाच्या रूपात दिला होता, एकूण ६ लाख १६ हजार डॉलर. नव्वदच्या दशकात ज्या पाच नवख्या पोरांच्या संघानं देशाला वेड लावलं होतं, त्यातला क्रिस वेबर या चारांपैकी एक. १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेऱ्यांचे झेंडे विद्यापीठानं सभागृहातून उतरवले. जुगारी माणसाचं देणं ज्याच्या डोक्यावर आहे, त्या खेळाडूच्या हातात सामन्याचा निकाल आहे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. नियमाला खरं कारण आहे ते इथे. किंवा मायामी विद्यापीठाचा नेव्हिन शापिरो. गुंतवणूकदारांना सुमारे ९३ कोटी डॉलरच्या फसव्या योजनेत ओढणारा, त्यासाठी २० वर्षांची शिक्षा झालेला. तुरुंगातून त्यानं २०११ मध्ये सांगितलं की आठेक वर्षं आपण मायामीच्या डझनावारी खेळाडूंवर पैसे उधळले. पण याच शापिरोची देणगी विद्यापीठानं घेतली होती आणि खेळाडूंच्या बसण्या-उठण्याच्या एका दालनाला त्याचं नाव दिलं होतं. पैसा कुठून आला हा प्रश्न मुलांनी विचारायचा होता की विद्यापीठानं?

या विषयावरच्या एका चित्रपटाबद्दल थोडं बोलतो, कारण तो पुष्कळांनी पाहिलेला असेल. 'ब्लू चिप्स', १९९४. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, लेखन रॉन शेल्टन यांचं. निक नोल्टी यांनी प्रशिक्षक उभा केला आहे. जिंकता येईना म्हणून तो शेवटी बूस्टरच्या पैशाला मान तुकवतो, चांगले खेळाडू मिळवतो, मोठा सामना जिंकतो आणि पत्रकार परिषदेत सगळं ओकून टाकतो. नोल्टींचं काम जबरदस्त आहे. बास्केटबॉल तर खराच वाटतो, कारण खेळणारे खरे आहेत. पण चित्रपट कोणाची शोकांतिका सांगतो? प्रशिक्षकाची. खेळाडूंच्या मागण्या आठवा. एकाच्या बापाला ट्रॅक्टर हवा आहे. एकाच्या आईला नोकरी आणि अंगण असलेलं घर. चित्रपट या मागण्यांकडे पहिली कीड लागली अशा नजरेनं बघतो. आम्हाला मात्र विदर्भातल्या कुठल्याही घरातल्या वाटाव्यात अशा या मागण्या आहेत. पोरगं वर जातंय, तर घराला ट्रॅक्टर येऊ दे. पटकथेत कोणीच विचारत नाही, की हा ट्रॅक्टर बूस्टरकडून मागायची पाळी का आली, विद्यापीठाच्या तिकीटखिडकीतून का नाही आला. गंमत अशी की भरती झालेल्या पोरांपैकी दोघांच्या भूमिका करणारे शकील ओ'नील आणि पेनी हार्डवे चित्रपट लागला तेव्हा ऑरलँडोच्या व्यावसायिक संघात लाखो डॉलर कमवत होते. तोच खेळ, त्याच वयाच्या आसपास.

मग २०२१ आलं. जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ९ विरुद्ध ० नं एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात संस्थेच्या सबंध युक्तिवादालाच हात घातला. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायची परवानगी मिळाली. जाहिरात करा, सह्या विका, यूट्यूबवर कमवा. चारच वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या खेळाडूची पात्रता यूट्यूबच्या कमाईवरून गेली होती.

आणि बूस्टर? ते वाटच बघत होते. गावोगाव त्यांनी 'कलेक्टिव्ह' काढली, आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीसारखी, फक्त आकड्यांपुढची शून्यं जास्त. सगळ्यांनी पैसा एकत्र करायचा आणि खेळाडूच्या 'चेहऱ्या'साठी करार करायचा. फ्लोरिडाशी जोडलेल्या अशा एका मंडळानं शाळेतल्या एका क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार देऊ केला, तो फिसकटला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२२ मध्ये एनसीएएनं बजावलं, की कलेक्टिव्ह म्हणजेही बूस्टरच, भरतीत त्यांनी पडू नये. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी खटला भरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं त्या नियमाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. दुसरीकडे हाउस खटल्याची तडजोड ६ जून २०२५ ला मंजूर झाली. मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलर, आणि पुढच्यांना विद्यापीठाच्या उत्पन्नातला वाटा, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरच्या आसपास मर्यादा.

इथे बहुतेक जण म्हणतात, चला, अन्याय संपला. पैशाच्या बाजूनं पुष्कळ संपला, हे खरंच. पण आपण शब्द वाचायला बसलोय. नव्या व्यवस्थेत बाहेरच्यांशी केलेला करार एकूण ६०० डॉलरला पोचला की कळवावा लागतो. देणारा विद्यापीठाशी 'संलग्न' असेल तर दोन प्रश्न येतात: या कराराला खरा व्यावसायिक हेतू आहे का, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का. संलग्न कोण? विद्यापीठाला आयुष्यभरात ५० हजार डॉलरहून अधिक दिलेली व्यक्ती त्यात येते. पूर्वी प्रेम दाखवलं की कायमचा ठपका बसायचा, आता निदान या तपासणीपुरती त्या प्रेमाला रक्कम ठरली.

पण जुनं कलम आठवा. त्यात म्हटलं होतं, कामाचे पैसे घ्या, नावाचे घेऊ नका. नवं म्हणतं, नावाचे घ्या, पण ते खरंच नावाचेच आहेत हे दाखवा, खेळण्याचे नकोत. काही दशकांत नियम पुरता उलटा झाला आणि जी एक गोष्ट दोन्हीकडे निषिद्ध राहिली, ती म्हणजे खेळणं. विद्यापीठ स्वतः जो वाटा देतं, त्याचे करारसुद्धा बहुधा नाव आणि प्रतिमा वापरायच्या परवान्याचे म्हणून लिहिले जातात. कारण पगार म्हटलं की कामगार आला, कामगार आला की भरपाई आली, संघटना आली, आणि १९५७ साली कोलोराडोत मिटवलेला प्रश्न पुन्हा उघडला. समोरच्याला आडवं पाडायचं, पाडून घ्यायचं, गुडघा गमवायचा, याचा दर कुठल्याच कागदावर लिहायचा नाही, हे मात्र सगळ्यांना अजून मान्य आहे. आमचा आक्षेप इथे आहे. बूस्टरला आवरायला हवं, पण ज्या घरात पगार वेळेवर होतो तिथल्या माणसाला बाहेरच्याचे उपकार घ्यायची गरज कमी पडते. मोबदला लिहिला असता तर मार्टिनसारख्या माणसाला त्या घरात शिरायला एवढं मोठं दार मिळालं नसतं. ते पुरतं बंद झालं असतं, असा दावा आम्ही करत नाही. जुगारी पगारदारांनाही गाठतातच, क्रिकेटवाल्या देशात हे सांगायला नको.

आणि आपली ती पुण्याची मुलगी? धरू की तिला प्रवेश मिळाला, ती आता तिथे खेळते. तिच्या अमेरिकन मैत्रिणी एखाद्या दुकानासाठी व्हिडिओ करून पैसे घेतात. ती एफ-१ व्हिसावर आहे. विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी फार मोजकी, त्यामुळे अमेरिकेत बसून असा पैसा घेणं तिच्यासाठी व्हिसाशी खेळ. एनसीएएनं दार उघडलं, तर दुसऱ्या खात्याचं दार बंद. इथे ऐकणाऱ्या पालकांमध्ये कोणाची मुलं त्या वाटेवर असतील, तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाचं नियमपालन कार्यालय आणि परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय, दोन्हीकडे विचारा. एकीकडून 'हो' आलं म्हणून दुसरीकडून येईलच असं नाही.

काकांनी मात्र अजून आशा सोडलेली नाही. त्यांचं एक छोटं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. ते विचारतात, मी तिला माझी जाहिरात करायला घेतलं तर? देणग्यांची बेरीज ५० हजारांच्या पुढे गेली असेल, तर हेतू विचारला जाईल. काका खरं बोलणारे आहेत. ते म्हणतील, "जाहिरात कसली हो, आपली मुलगी आहे, चांगलं खेळते, म्हणून द्यायचेत." आणि या एकाच उत्तरावर करार नामंजूर होईल.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या.